जुन्या गाडीचे ब्रेक पार्ट शोधताना गाडीचं नाव बाजूला का ठेवावं लागतं

व्हिंटेज गाडीचा ब्रेकचा सामान शोधायला निघालेला माणूस आधी गाडीचंच नाव घेऊन विचारत सुटतो, अमुक कंपनी, अमुक मॉडेल, अमुक साल, आहे का काही. उत्तर ठरलेलं, ती कंपनीच कधीची बंद पडली, आता कुठून आणायचं. पण ब्रेकची गंमत अशी आहे की गाड्या बनवणाऱ्या बऱ्याच कंपन्यांनी ब्रेक स्वतः बनवलेच नाहीत, ते बाहेरून घेतले, आणि बाहेरून देणारे मोठे लोक मोजकेच होते. लॉकहीड, बेंडिक्स, गर्लिंग, जर्मनीत आटे (ATE), नंतर डिस्कच्या काळात डनलॉप. त्यामुळे नामशेष झालेल्या गाडीचा व्हील सिलिंडर (चाकाजवळचा, ब्रेक दाबणारा) भलत्याच कंपनीच्या कारचा नाहीतर व्हॅनचा म्हणून दुकानात पडलेला असतो आणि आपण मात्र चुकीच्या नावाने हाका मारत बसतो.

हे असं का झालं ते कळायला थोडं मागे जावं लागतं. 1902 च्या सुमारास लुई रेनॉने ड्रम ब्रेक (चाकाबरोबर फिरणाऱ्या डब्याला आतून अर्धगोल शू दाबून थांबवणारा) वापरात आणला, त्यानंतर बरीच वर्षं बहुतेक गाड्यांना ब्रेक फक्त मागच्या चाकांना असायचे, पुढच्या चाकांना ब्रेक लावले तर गाडी उलटेल अशी लोकांना भीती होती म्हणे. सगळं काम लोखंडी रॉड, केबल आणि लिव्हरवर. आजच्या नजरेने ते आदिम वाटतं, पण खरं सांगू, पार्टच्या बाबतीत हेच मालक सगळ्यात सुखी आहेत. रॉड झिजला, पिन ढिली झाली, बुश गेला तर नमुना दाखवून चांगल्या टर्नरकडून लेथवर करून घेता येतं, कुणाच्या कॅटलॉगची गरज नाही.

खरी डोकेदुखी आली हायड्रॉलिकबरोबर. माल्कम लॉकहीड, म्हणजे विमानवाल्या लॉकहीड भावांपैकीच एक, त्याने द्रवाच्या दाबावर चालणारे ब्रेक तयार केले आणि 1921 च्या ड्यूसेनबर्ग मॉडेल ए वर ते चारही चाकांना आले. पण सुरुवातीच्या सीलमधून गळती फार व्हायची, कारण ते कच्च्या चामड्याचे होते. क्रायस्लरच्या इंजिनिअरांनी तिथे रबराचे कप (वाटीसारखे सील) बसवले आणि 1924 च्या क्रायस्लरवर ही सिस्टिम सर्वसामान्य गिऱ्हाइकापर्यंत पोचली. इथून पुढे ब्रेकचं आयुष्य त्या छोट्याशा रबरावर अवलंबून राहिलं, आणि रबर ही अशी चीज आहे की पॅकिंगमध्ये न वापरता ठेवलं तरी म्हातारं होतं. म्हणून सीलबंद डब्यातलं जुनं कोरं किट मिळालं की लोक खूश होतात ना, ते मला कधी पटलेलं नाही, सिलिंडरची बॉडी जुनी घ्या हवी तर, पण आतला कप आत्ता बनलेलाच पाहिजे.

सगळ्यांनी हायड्रॉलिक लगेच स्वीकारलं असंही नाही. अमेरिकेत फोर्ड 1938 च्या मॉडेलपर्यंत मेकॅनिकल ब्रेकला चिकटून होती, आणि फोक्सवॅगन बीटलच्या स्वस्त स्टँडर्ड मॉडेलला तर 1962 पर्यंत केबलचे ब्रेक होते, तेव्हा तिच्याच एक्स्पोर्ट मॉडेलला हायड्रॉलिक येऊन कित्येक वर्षं झाली होती. गर्लिंगची सुरुवातही मेकॅनिकलनेच, पाचर सरकून शू बाहेर ढकलणारी त्यांची रचना 1920 च्या दशकातली, हायड्रॉलिक नंतर. थोडक्यात नुसतं साल सांगून पार्ट मागवू नका, आधी ड्रम उघडून आत काय आहे ते बघा. सिलिंडरच्या बॉडीवर बऱ्याचदा ब्रेक कंपनीचं नाव आणि बोरचं, म्हणजे आतल्या भोकाच्या व्यासाचं, माप ओतलेलं असतं, पाऊण इंच, सात अष्टमांश, एक इंच असं काहीतरी, घासून साफ केलं की दिसतं, आणि शोधाचा खरा धागा तो. पाइपच्या नटाचे आटे (थ्रेड) पण बघायचे, इंचातले आणि मेट्रिक एकमेकांत जबरदस्तीने दोन आटे बसतात आणि मग लीक होतात.

आता ऑइल. सुरुवातीचं ब्रेक ऑइल म्हणजे एरंडेल आणि अल्कोहोल, नंतर ग्लायकॉलवाली आली, आजची डॉट 3 आणि डॉट 4 (ब्रेक ऑइलचे ठरलेले दर्जे) त्याच घराण्यातली. ग्लायकॉल हवेतलं पाणी ओढतं, आणि वर्षानुवर्षं उभ्या असलेल्या गाडीच्या बिडाच्या सिलिंडरला आतून गंजाचे खड्डे पडतात त्यात याचा मोठा हात. असा सिलिंडर फेकू नये, बोर मोठा करून आत स्टेनलेस किंवा पितळेची स्लीव्ह मूळ मापात बसवतात, कितीतरी दुर्मिळ गाड्या आज याच कामावर थांबतात (म्हणजे ब्रेकने थांबतात). सिलिकॉनवालं डॉट 5 पाणी ओढत नाही, पण ते ग्लायकॉलमध्ये मिसळायचं नाही. आणि साध्या ब्रेकच्या रबराला मिनरल ऑइल लागलं की ते फुगलंच. उलट सिट्रोएनने 1960 च्या दशकात आपल्या डीएस कारसाठी हिरवं मिनरल फ्लुइड आणलं, तिथलं रबर वेगळं, तिथे नेहमीचं ब्रेक ऑइल घातलं की सीलची वाट.

लायनरची, म्हणजे शूवरच्या घासणाऱ्या थराची, कथा अजून वेगळी. 1897 मध्ये इंग्लंडमध्ये हर्बर्ट फ्रूडने घोडागाडीच्या ब्रेकसाठी लायनरचं काम सुरू केलं, त्यातून फेरोडो कंपनी उभी राहिली. पुढे अॅस्बेस्टॉस आलं, उष्णता सोसतं, स्वस्त पडतं, म्हणून अनेक दशकं सगळीकडे तेच. त्याच्या धुळीने होणारे आजार लक्षात आल्यावर ब्रिटनने 1999 मध्ये आणि युरोपियन युनियनने 2005 पासून बंदी घातली. त्यामुळे जुन्या स्टॉकमधले ओरिजिनल शू दिसले की मोह आवरावा, ते घासायचे नाहीत, ड्रममधली धूळ हवेच्या पाइपने उडवायची नाही. शूचा सांगाडा आपलाच ठेवून त्यावर बिनअॅस्बेस्टॉस लायनर चढवून घेणं सरळ. ड्रम लेथवर टर्न केलेला असेल तर लायनर थोडा जाड घेऊन ड्रमच्या गोलाईत घासून बसवावा लागतो, नाहीतर शू मधेच टेकतो आणि ब्रेक नीट लागत नाही.

डिस्क ब्रेकचं, म्हणजे चाकाबरोबर फिरणारी तबकडी दोन्ही बाजूंनी आवळणाऱ्या ब्रेकचं, फार लांबवत नाही. 1953 ला डनलॉप डिस्कवर जॅग्वारने ल मान्स जिंकली, 1955 ला डीएसच्या पुढच्या चाकांना डिस्क आल्या, पुढे गर्लिंग आणि लॉकहीडचे कॅलिपर (तबकडी आवळणारे चिमटे) इतक्या गाड्यांवर बसले की त्यांची किट अजून निघतात. सुरुवातीचे डनलॉपचे कॅलिपर मात्र जरा अवघड गिऱ्हाईक.

राहिला मास्टर सिलिंडर, म्हणजे पेडल दाबल्यावर ऑइलला दाब देणारा. अमेरिकेत 1968 पासून कारला दोन वेगळ्या सर्किटचे (ऑइलच्या स्वतंत्र लाइनचे) ब्रेक सक्तीचे झाले, त्याआधीच्या बऱ्याच गाड्यांना एकच सर्किट, म्हणजे एका चाकातला कप फाटला की पेडल थेट तळाला. काही जण म्हणून दोन सर्किटचा मास्टर बसवून घेतात, पण बोर बदलला की पेडलचा जोर आणि प्रवास दोन्ही बदलतात, तेव्हा मूळ बोर मोजल्याशिवाय त्या फंदात पडू नका. सिंगलच ठेवणार असाल तर चारही चाकांचे कप, मास्टरचं किट आणि रबरी होज सगळं एकदम बदलायचं, एकेक करून नाही, कारण सगळ्यांचं वय सारखंच असतं.