आत्याचा अंगठा

निपाणीच्या माझ्या आत्यानं लग्न होऊन आल्यापासून विड्या वळल्या. भिजवलेलं पान कात्रीनं कापायचं, तंबाखू भरून वळायचं, दोरा बांधायचा. मजुरीचा हिशेब हजारावर. आता सत्तरी उलटली. हात दुखतो का विचारलं की उत्तर ठरलेलं, "वात हाय, दुखायचंच की." पण परवा दुधाची पिशवी तिनं दातानं फाडली, आणि भाकरी थापताना बोटं वर उचलून नुसत्या तळहातानं पीठ दाबत होती. म्हाताऱ्या माणसांचं हाताचं दुखणं असं नजर ठेवूनच पकडावं लागतं.

'वात' या एका गाठोड्यात आपण सगळंच बांधतो. खरं तर निदानाला लागणारे बारीक शब्द आपल्याकडे आहेत. सकाळी बोटं आखडतात आणि अर्ध्या तासाच्या आत मोकळी होतात, तर बहुधा सांध्यांची झीज. तास-तासभर ताठर राहतात, मुठीचे उंचवटे सुजतात, गरम लागतात, तर आमवाताची शंका. तिथं डॉक्टरांकडे जायला उशीर नको. रात्री अंगठा आणि शेजारच्या दोन बोटांत मुंग्या येऊन जाग येते, हात झटकला की बरं वाटतं, तर मनगटात नस दबलेली असू शकते. वाकलेलं बोट अडकतं आणि टक् करून सुटतं, ते दुखणं सांध्याचं नसून स्नायूच्या दोरीचं. मधुमेहाच्या काही रुग्णांना नमस्कार करताना तळवे जुळवता येत नाहीत. म्हणून "दुखतं" एवढ्यावर थांबू नये. आखडतं, ठणकतं की मुंग्या येतात, ते सांगावं.

बोटाच्या शेवटच्या पेरावरच्या टणक गाठींना हेबरडेन या अठराव्या शतकातल्या लंडनच्या डॉक्टरांचं नाव आहे. या गाठी दिसायला वाईट, पण कित्येकदा जुन्या झाल्या की दुखत नाहीत. एक्स-रेचंही तसंच. फोटोत सांधा पार झिजलेला आणि बाई मजेत वाती वळतेय, किंवा फोटो बरा आणि तांब्या उचलवत नाही, दोन्ही घडतं.

अंगठ्याच्या मुळाशी खोगिरासारखा सांधा आहे. चिमटीत 1 किलोचा जोर लावला की तरफेच्या हिशेबानं त्या सांध्यावर सुमारे 12 किलोचा भार पडतो. दिवसभर दोरा आवळणाऱ्या अंगठ्याचा हिशेब आता तुम्हीच करा.

मुठीची ताकद मोजायला दाबयंत्र असतं. खुर्चीत बसून, कोपर काटकोनात ठेवून, जीव खाऊन आवळायचं, दोनतीनदा. आशियाई तज्ज्ञांच्या 2019च्या निकषानुसार पुरुषांत 28 आणि बायकांत 18 किलोपेक्षा कमी भरलं तर स्नायूंची ताकद कमी धरतात. मात्र सांधा दुखत असला की माणूस मूठ पुरती आवळतच नाही, मग आकडा स्नायूंचा की दुखण्याचा, हे कळत नाही.

त्यापेक्षा मला फ्रान्समध्ये तयार झालेली दहा प्रश्नांची यादी आवडते. किल्ली फिरवता येते का, कात्री चालते का, गाठ मारता येते का, बटण लागतं का. प्रत्येकाला 0 ते 3 गुण, एकूण 30, जितके जास्त तितका हात अवघडलेला. त्यात सुरीनं मांस कापण्याचा आणि न कचरता हस्तांदोलन करण्याचाही प्रश्न आहे. आमच्याकडच्या म्हातारीला मांसाऐवजी विळीवरची भाजी विचारावी, बटणाऐवजी पोलक्याचे हूक. पण प्रश्न इथल्या भाषेत आणि इथल्या कामांत आणायचे तर ती यादी पुन्हा तपासून घ्यावी लागते, घरच्या घरी शब्द बदलून भागत नाही.

तरी मी आत्याला विचारलेच. कात्री? "चालती." गाठ? "त्यात काय, आयुष्य त्यातच गेलंय." शून्य, शून्य. मग मी दोऱ्याचा तुकडा तिच्या हातात दिला. तिनं एक टोक दातात धरलं, दुसरं डाव्या हातानं ओढलं आणि गाठ बसली. उजवा अंगठा तेवढा वेळ मुठीत लपलेला होता.