जोतिबाच्या डोंगरावरचा ‘मी’

चैत्री पौर्णिमेला कोल्हापूरजवळच्या वाडी रत्नागिरीच्या डोंगरावर सासनकाठी नाचवणारा माणूस एकदा जवळून बघा. उंच कळकाचा सगळा भार एकट्याच्या अंगावर, वरून आलेले दोर चहूबाजूंनी गावकऱ्यांनी ताणून धरलेले, हलगीचा कडकडाट आणि गुलालानं माखलेले डोळे. काठी एका अंगाला कलली की पलीकडचा दोरवाला कुणी न सांगता ओढ घेतो. ‘तू कोण?’ असं त्याला तेव्हा विचारलं, तर आडनावाआधी तो गावाचं नाव सांगेल, कारण काठी गावाची असते. पहिल्या मानाची काठी सातारा जिल्ह्यातल्या निनाम पाडळीची, आणि तो मान त्या गावातल्या प्रत्येकाला स्वतःचा वाटतो. जोतिबानं रत्नासुराला कसं मारलं ही कथा त्याला पुरती येते की नाही, यानं काही बिघडत नाही.

धर्म आपल्या ओळखीत शिरतो तो आधी असा, अंगातून. तत्त्वज्ञान मागाहून येतं, आणि पुष्कळांच्या बाबतीत येतही नाही. गेल्या काही वर्षांतलं संशोधन वाचून मला हेच पटत गेलं आहे.

स्पेनमधल्या सान पेद्रो मान्रिके या खेड्यात दर जूनमध्ये लोक रात्री निखाऱ्यांवरून अनवाणी चालतात. मोहरमात खत्तलरात्रीची निखाऱ्यांची खाई पाहिलेल्या कोल्हापूरकरांना हे दृश्य परकं वाटणार नाही. दिमित्रिस झिगालातास, इवाना कॉनवालिंका आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथं चालणाऱ्यांच्या आणि बघणाऱ्यांच्या छातीला ठोके मोजणारे पट्टे बांधले. २०११ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा : निखाऱ्यांवर चालणाऱ्याच्या आणि बाजूला बसलेल्या त्याच्या नातेवाईक-मित्रांच्या ठोक्यांचा चढउतार एकाच लयीत चालला होता. बाहेरगावाहून आलेल्या प्रेक्षकांच्या बाबतीत तसं घडलं नाही. आग तीच, आरडाओरडा तोच, बसायच्या जागाही तशाच. फरक फक्त नात्याचा. बघणारे जागेवर बसून होते, म्हणजे एकत्र हालचाल केल्यामुळं ठोके जुळले असंही म्हणता येत नाही. ‘आम्ही’ ही भावना रक्ताभिसरणापर्यंत पोचते, याचा इतका थेट पुरावा क्वचित मिळतो.

कानांचंही तसंच. प्रयागच्या माघमेळ्यात कडाक्याच्या थंडीत महिनाभर राहणाऱ्या कल्पवासींचा भारतीय आणि ब्रिटिश मानसशास्त्रज्ञांनी मिळून अभ्यास केला. त्यांनी एक संदिग्ध गोंगाट ध्वनिमुद्रित करून ऐकवला. हा शहरातल्या रहदारीचा आवाज आहे, असं सांगितलं की लोक वैतागत. तोच आवाज मेळ्यातला आहे म्हटलं की तो तितका त्रासदायक वाटेना आणि लोक जास्त वेळ ऐकत. २०१२ च्या अहवालात ४१६ कल्पवासी आणि गावीच राहिलेले १२७ जण यांची तुलना आहे. मेळ्यात राहून आलेल्यांनी आपली तब्येत आणि मन आधीपेक्षा बरं असल्याचं सांगितलं, गावी राहिलेल्यांत तसा बदल दिसला नाही. चांगभलंचा गजर आणि कारचा हॉर्न कानाला सारखाच कर्कश असू शकतो. तो आपला की परका हे मन ठरवतं.

इथवर सगळं गोड आहे. पण ‘आम्ही’ म्हटलं की ‘ते’ कुठंतरी तयार होतात. हेन्री ताजफेल हा पोलंडमध्ये जन्मलेला ज्यू. दुसऱ्या महायुद्धात तो फ्रेंच सैन्यातून लढताना जर्मनांच्या हाती लागला, युद्धकैदी म्हणून वाचला, आणि परतल्यावर कळलं की घरचं जवळपास कुणीच उरलेलं नाही. माणसांना गटांत वाटून घ्यायला किमान काय लागतं, हा प्रश्न त्यानं पुढं ब्रिस्टलमधल्या शाळकरी मुलांवर तपासला. पडद्यावरचे ठिपके मोजायला लावायचे आणि ‘तू जास्त अंदाज करणाऱ्यांतला’ किंवा ‘कमी अंदाज करणाऱ्यांतला’ असं सांगायचं. ही वाटणीही खरं तर वाटेल तशी केलेली. मग त्या मुलांना दोन्ही गटांतल्या इतर मुलांमध्ये पैसे वाटायला सांगायचे. मुलांनी आपल्या गटाला झुकतं माप दिलं. इतकंच नाही, एकूण रक्कम कमी झाली तरी चालेल पण दुसऱ्या गटापेक्षा आपल्याला जास्त मिळू दे, असाही कल दिसला.

ठिपक्यांवर जर हे होतं, तर धर्माचं वजन केवढं असेल! बारशापासून तेराव्यापर्यंतचे दिवस, कुठल्या महिन्यात काय खायचं, कोणापुढं हात जोडायचे किंवा पसरायचे, हे सगळं तो ठरवतो. दिवेलागणीच्या आत जेवण उरकणाऱ्या जैन घरातलं पोर मित्राच्या घरी रात्री नऊला पानं वाढलेली बघतं, तेव्हा ‘आमच्याकडं असं नसतं’ हे त्याला कुणी शिकवावं लागत नाही.

पण मुलांना त्याच्या पुढचंही कळतं. गुजरातमधल्या ९ ते १५ वयाच्या हिंदू आणि मुस्लिम मुलांवरचा महेश श्रीनिवासन आणि सहकाऱ्यांचा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. आमच्या धर्माचे नियम आम्हाला, त्यांचे त्यांना, असं दोन्हीकडची मुलं म्हणाली. दुसऱ्याला इजा करणं मात्र कुणाही धर्माच्या माणसानं केलं तरी वाईटच. या वयाला ही दोन खाती वेगळी ठेवता येतात, हे मला फार मोलाचं वाटतं. आपण मोठी माणसंच पुढं ती एकमेकांत मिसळतो.

सोनिया रोकास आणि मॅरिलिन ब्रूअर यांनी २००२ मध्ये मांडलेली कल्पना इथं कामाला येते. प्रत्येकाच्या अनेक ओळखी असतात : धर्म, भाषा, पेठ, धंदा, खेळ. या सगळ्यांतली आपली माणसं एकच आहेत असं ज्याला वाटतं, त्याचं मन परक्याबद्दल आखडतं. ज्याच्या ओळखी एकमेकींना छेद देतात, तो जास्त सहिष्णू असतो.

कोल्हापूरच्या तालमी, म्हणजे पेठापेठांतली मंडळं, हा छेद रोज देतात. तालमीचं नाव लागलेला फुटबॉल संघ शाहू स्टेडियमवर उतरला की पेठ हीच ओळख. गोल मारणाऱ्याचा धर्म गॅलरीत कुणी विचारत नाही. पुष्कळ तालमींत गणपतीही बसतो आणि मोहरमचा पंजाही. शिरोळ तालुक्यातल्या कुरुंदवाडमध्ये तर मशिदींत गणपती बसवायची परंपरा आहे. हिजरी वर्ष सौर वर्षापेक्षा सुमारे ११ दिवसांनी लहान, आणि आपलं पंचांग अधिक महिना घालून ऋतूंशी जुळवून घेतं. त्यामुळं मोहरम आणि भाद्रपद साधारण ३२-३३ वर्षांनी एकत्र येतात आणि सलग दोन-तीन वर्षं बरोबर चालतात. २०१८, २०१९ आणि २०२० मध्ये तसं झालं, आणि कुरुंदवाडला दोन्ही उत्सव शेजारी शेजारी पार पडले.

धोका जाणवला की मात्र ओळखींची ही गुंतागुंत आकसते, असंही रोकास-ब्रूअर सांगतात. मग पेठ, तालीम, धंदा मागं पडतात आणि एकच ओळख उरते. जून २०२३ मध्ये मोबाईलवरच्या स्टेटसवरून कोल्हापूर शहर पेटलं, इंटरनेट बंद ठेवावं लागलं, ते आपण पाहिलं आहे. त्या दिवशी अनेकांनी ओळखीच्या दुकानदाराकडं निव्वळ एका धर्माचा माणूस म्हणून पाहिलं. हे दुखणं खरं आहे, आणि ते फक्त बाहेरून आलं असं म्हणून आपली सुटका नाही.

राजर्षी शाहू महाराजांची बोर्डिंगं या संदर्भात पुन्हा अभ्यासावीत असं मला वाटतं. १९०१ मध्ये मराठा आणि दिगंबर जैन, १९०६ मध्ये मुस्लिम, १९०८ मध्ये अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. जातिधर्माच्या नावानं वसतिगृहं काढली म्हणून त्यांच्यावर टीका झाली, अजून होते. पण खेड्यातून पहिल्यांदा शहरात आलेल्या पोराला आधी आपल्या माणसांचा आधार लागतो. तो महाराजांनी दिला. आणि तेच शाहू महाराज १९१९ मध्ये अस्पृश्यांच्या वेगळ्या सरकारी शाळा बंद करून त्या मुलांना सर्वांच्या शाळेत घ्यायचा हुकूम काढतात. त्या हुकमानंतर संस्थानात कुणाला वेगळं बसवायला सरकारी शाळा उरली नाही.