नाक्यावर साडेसातला कोण पोहोचतं?

कोपरखैरणेच्या नाक्यावर सकाळी आठला उभं राहिलं की नवी मुंबई कोणी बांधली ते डोळ्यांनी दिसतं. पिशवीत डबा आणि थापी घेतलेले गवंडी, घमेलं बाजूला ठेवून बसलेल्या बिगारी बाया, एकीच्या कडेवर पोर. मिस्त्री येतो, रोजाची घासाघीस होते, दोघं-तिघं टेम्पोत चढतात. साडेनऊनंतर नाका ओस. कॉलेजात असताना आम्ही सर्वेक्षणाची प्रश्नावली घेऊन तिथे पोहोचलो अकरा वाजता. काम न मिळालेले तेवढेच उरले होते, आणि त्यांच्याच उत्तरांवर आमचा अहवाल झाला. ती चूक मला अजून टोचते.

1970 मध्ये नवी मुंबई वसवण्यासाठी सिडको हे सरकारी महामंडळ स्थापन झालं. आगरी-कोळ्यांच्या गावांची जमीन शहरासाठी गेली. 1972 च्या दुष्काळाने मराठवाडा-सोलापूरकडची कुटुंबं घराबाहेर काढली. त्यातली कितीतरी इथल्या दगडखाणींवर आणि बांधकामांवर आली. वडार, बंजारा वस्त्या उभ्या राहिल्या. पुढे मुंबईतले घाऊक बाजार तुर्भे-वाशीला हलले, तसे सातारा-सांगलीकडचे माथाडी, म्हणजे बाजारात ओझी वाहणारे कामगारही, खाडी ओलांडून आले. त्यांच्या पाठीशी अण्णासाहेब पाटलांची संघटना आणि 1969 चा माथाडी कायदा होता. म्हणून त्यांची माथाडी मंडळाकडे नोंद होती, भविष्य निर्वाह निधी होता. नाक्यावरच्या माणसाची हजेरी कुणाच्याच वहीत नव्हती.

विद्यापीठं या माणसांपर्यंत कधी आणि कशी गेली? देशातलं समाजकार्याचं पहिलं व्यावसायिक शिक्षण 1936 मध्ये नागपाड्यात सुरू झालं, क्लिफर्ड मॅनशार्ट यांनी कामगारवस्तीत चालवलेल्या केंद्रात. आज देवनारला असलेली टाटा सामाजिक विज्ञान संस्था ती हीच. वस्ती आधी आणि वर्ग नंतर, हा क्रम मला फार मोलाचा वाटतो. 1946 मध्ये डॉ. आंबेडकरांनी सिद्धार्थ महाविद्यालय काढलं, तेव्हा नोकरी करणाऱ्यांना शिकता यावं म्हणून वर्ग सकाळी ठेवले. विद्यार्थ्याच्या पोटापाण्याकडे बघून घड्याळ बदललं! 1989 मध्ये आलेल्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठानेही दहावी-बारावी हुकलेल्यांना पूर्वतयारी परीक्षेतून पदवीची वाट दिली.

मधल्या काळात 1969 मध्ये राष्ट्रीय सेवा योजना आली आणि 1977 मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने अध्यापन-संशोधनाच्या बरोबरीने विस्तारकार्य, म्हणजे समाजात जाऊन करायचं काम, हे तिसरं कर्तव्य मानलं. कागदावर ते उत्तमच होतं. पण ठाणे-नवी मुंबईत बहुतेकदा त्याचं शिबिर झालं, आणि तेही दत्तक खेड्यात. कॉलेजच्या फाटकाबाहेरचा नाका दत्तक घ्यावा असं फार थोड्यांना सुचलं.

आणि नाक्याला गरज कशाची? बांधकाम कामगार म्हणून नोंदणी व्हायला वर्षात 90 दिवस काम केल्याचा दाखला लागतो. रोज मालक बदलणाऱ्याला तो कोण देणार? हे विधी महाविद्यालयाचं काम आहे. 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यातच विद्यापीठांमध्ये आणि विधी महाविद्यालयांत विधी साहाय्य केंद्रांची तरतूद आहे. दोन विद्यार्थी रोज साडेसातला नाक्यावर बसले आणि प्रत्येकाच्या वहीत तारीख, जागा, मिस्त्रीचं नाव नि फोन नंबर लिहून देत राहिले, तर दाखल्यासाठी भांडायला हातात काहीतरी लेखी असेल. ती वही मात्र कामगाराच्याच पिशवीत राहिली पाहिजे, डब्याशेजारी.