मदत-संदेशात प्रोग्रामचे नाव कुठून येते : पार्श्वभूमी

कमांड लाइनवरील प्रोग्रामकडे मदत मागितली की वापराच्या ओळीत (आज्ञा कशी लिहायची ते दाखवणाऱ्या ओळीत) तो सर्वप्रथम स्वतःचे नाव छापतो, आणि हे नाव त्याला बहुधा बाहेरून मिळालेले असते. युनिक्स प्रकारच्या प्रणालींत प्रोग्राम सुरू करताना त्याच्या फाइलचा मार्ग आणि आर्ग्युमेंटांची, म्हणजे त्याला पुरवलेल्या शब्दांची, यादी स्वतंत्रपणे दिली जाते. यादीच्या शून्याव्या जागी नाव ठेवणे हा निव्वळ संकेत आहे. अनेक छोट्या आज्ञा एकत्र बांधणाऱ्या बिझीबॉक्सची एकच फाइल याच जागेवरचे नाव वाचून कोणते काम करायचे ते ठरवते. ही यादी रिकामी आल्यास धोका निर्माण करणारी गंभीर त्रुटी २०२२ साली पीकेएक्झेक या, दुसऱ्याच्या अधिकाराने आज्ञा चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये उघड झाली; त्यानंतर लिनक्स ५.१८ पासून रिकाम्या यादीत कर्नल (प्रणालीचा गाभा) स्वतःच एक रिकामी स्ट्रिंग, म्हणजे अक्षरे नसलेला मजकूर, घालते.

खरा वाद पायथन या प्रोग्रामिंग भाषेत रेंगाळला. २०१० च्या २.७ आवृत्तीत आलेले, आर्ग्युमेंटे वाचून मदत-संदेश तयार करणारे आर्गपार्स हे मॉड्यूल (तयार कोडचा संच) शून्याव्या आर्ग्युमेंटातील फाइलचे नाव तेवढे उचलत असे. सुट्या स्क्रिप्टला ते पुरते. परंतु 'पायथन -एम' आणि पुढे नाव लिहून पॅकेज (मॉड्यूलांचा गट) चालवले की मदतीत '__मेन__.पाय' असे, वापरणाऱ्याने कधीही न टंकलेले नाव उमटे. म्हणून जो तो आपापले ठिगळ लावू लागला. पायथनसोबतच येणाऱ्या मॉड्यूलांपैकी चाचण्या चालवणाऱ्या युनिटटेस्टने शून्यावे आर्ग्युमेंटच बदलले, तर जेसन स्वरूपातील माहिती तपासणाऱ्या जेसन.टूलने 'पायथन -एम जेसन.टूल' ही ओळ कायमची लिहून ठेवली. उबुंटू या लिनक्स प्रणालीच्या २०.०४ पासूनच्या आवृत्त्यांत मुळात 'पायथन३' एवढीच आज्ञा मिळते. त्यामुळे फोंड्याच्या प्रयोगशाळेतील विद्यार्थ्याने मदतीतली ती ओळ जशीच्या तशी उतरवली, तर 'पायथन' ही आज्ञाच सापडत नाही असे उत्तर त्याला मिळणार.

२०१४ मध्ये नोंदलेल्या या तक्रारीवर उपाय आला तो २०२५ च्या ३.१४ आवृत्तीत: आता इंटरप्रिटरच्या (पायथनचा कोड चालवणाऱ्या प्रोग्रामच्या) फाइलचे नाव, '-एम' आणि मॉड्यूलचे नाव असे तिन्ही छापले जाते. नाव परिस्थितीनुसार बदलले तर दस्तऐवज आणि चाचण्यांतील अपेक्षित मजकूर जुळत नाही, हा आक्षेप रास्त आहे. आवृत्ती सांगताना ठरीव नावच छापावे, हा मुक्त सॉफ्टवेअरमधील जुना दंडकही योग्यच आहे. मात्र वापराची ओळ माणसाने पुन्हा टंकण्यासाठी असते, त्यामुळे तिथे प्रत्यक्ष चालणारी आज्ञाच दिसली पाहिजे. नवा नियमही ही अट पूर्णपणे पाळत नाही, कारण विंडोजवर 'पाय' या लाँचरने (पायथन सुरू करून देणाऱ्या आज्ञेने) मॉड्यूल चालवले तरी मदतीत 'पायथन.ईएक्सई' असेच दिसते. प्रोग्रामच्या लेखकाने नाव स्वतः दिलेले असल्यास मात्र पूर्वीप्रमाणे आजही तेच छापले जाते.