जिवतीचे शुक्रवार (इंदूर)

जिवतीचे शुक्रवार : मुलांच्या खुशालीसाठी आईने श्रावणातल्या प्रत्येक शुक्रवारी करायची जिवतीची पूजा आणि तिच्याबरोबर महिनाभर पाळायचे घरगुती नेम. व्रत मूळचे महाराष्ट्रातले. इंदूरला ते होळकरांच्या चाकरीत आलेल्या कुटुंबांबरोबर आले. १८१८ च्या मंदसोरच्या तहानंतर होळकरांची राजधानी इंदूरला स्थिरावली, तशी फडावरची (दफ्तरातली), राजघराण्याच्या खासगी कारभारातली, फौजेतली मराठी घरे इथे कायमची झाली. त्यांनी कुलदैवत, पंचांग आणि सणवार बरोबर आणले. पुढे रामबाग, नारायणबाग, लोकमान्यनगर, राजेंद्रनगर अशा वस्त्यांत हे व्रत घरोघरी होत राहिले. या पूजेला देऊळ नाही, पुरोहित नाही, मिरवणूक नाही. देवघराजवळची भिंत, एक छापील कागद आणि स्वयंपाकघर एवढ्यात ती पुरी होते. इंदूरच्या गणेशोत्सवाबद्दल पुष्कळ लिहिले जाते, जिवतीबद्दल जवळजवळ नाही. शहरातल्या मराठी आयांचा रोजचा धर्म कसा चालतो हे मात्र जिवतीइतके दुसरे काही सांगत नाही.

जिवतीचा कागद

आषाढी अमावास्येला दिव्यांची पूजा झाली की जिवतीचा कागद भिंतीला लावतात. काही घरी तो पहिल्या शुक्रवारी लागतो. कागदावर वरच्या भागात हिरण्यकशिपूला मांडीवर घेतलेला नरसिंह आणि कालियामर्दन करणारा कृष्ण, मध्ये अंगाखांद्यावर मुले घेतलेल्या जरा आणि जिवंतिका, खाली हत्तीवरचा बुध आणि वाघावरचा बृहस्पती असे चित्र असते. महिन्याचा क्रमच या कागदावर मांडलेला आहे. नागपंचमीला नागाची, बुधवारी बुधाची, गुरुवारी बृहस्पतीची, शुक्रवारी जिवतीची आणि शनिवारी नरसिंहाची पूजा. पूर्वी हे चित्र गंधाने किंवा गेरूने भिंतीवर काढत, पुढे छापील कागद आला. आता बरीच घरे तसबीर करून ठेवतात आणि दरवर्षी तीच काढतात.

भिंतीवरच्या चित्राला जुना आधार आहे. महाभारताच्या सभापर्वात मगधाचा राजा बृहद्रथ याला दोन राण्यांपासून अर्धे अर्धे मूल होते. टाकून दिलेले ते तुकडे जरा नावाची राक्षसी जोडते आणि जरासंध जिवंत होतो. मुलांसह माझे चित्र जो भिंतीवर काढील त्याचे घर भरभराटेल, असे ती राजाला सांगते. मुले खाणारी म्हणून जिची भीती, तिलाच मुलांची राखण करायला बसवणारी ही कल्पना आहे. ज्या काळी बाळ पाचवी-सहावीची रात्र काढील की नाही याची शाश्वती नव्हती, त्या काळातल्या बायकांना ती पटली यात नवल नाही. आजही ती काळजी सगळ्यांच्या वाट्याची संपलेली नाही. २०२० च्या नमुना नोंदणी पाहणीत मध्य प्रदेशात हजार जन्मांमागे ४३ बाळे वर्षाच्या आत दगावल्याचे दिसते. त्याच वर्षी महाराष्ट्रात हा आकडा १६ होता.

शुक्रवारचा दिवस

सकाळी आघाडा, दूर्वा आणि फुलांची माळ करून कागदाला घालतात, कापसाचे गेजवस्त्र वाहतात, हळदकुंकू लावतात. आघाडा पावसाळ्यात मोकळ्या जागेत आपोआप उगवतो. इंदूरच्या नव्या वसाहतींत मोकळे प्लॉट संपत चालल्याने तो शोधत हिंडावे लागते. मिळाला की शेजारणीसाठी दोन काड्या जास्त आणायच्या, ही रीत त्यातूनच पडली असावी.

नैवेद्य पुरणाचा. हरभऱ्याची डाळ शिजवून, कट काढून, गूळ किंवा साखर घालून आटवायची, वेलची-जायफळ घालून वाटायची. त्यातल्याच थोड्या पुरणाचे पाच दिवे करून तुपाच्या वाती लावतात. आधी जिवतीला ओवाळायचे, मग पाटावर बसवलेल्या मुलांना. सवाष्णीला जेवायला बोलावून तिची ओटी भरतात. ते जमले नाही तर संध्याकाळी हळदकुंकू, साखर घातलेले दूध आणि गूळ-फुटाणे एवढ्यावरही भागते. नोकरी करणाऱ्या आईच्या घरी पुरण गुरुवारी रात्रीच शिजते आणि ओवाळणे शाळेची बस यायच्या आत उरकते. पुरण न जमल्यास साखरेचा नैवेद्य दाखवणाऱ्या आयाही आहेत. व्रताने त्यांना कधी अडवलेले नाही.

काही नेम व्रताच्या कहाणीतून आले आहेत. हिरवे लुगडे नेसायचे नाही, हिरव्या बांगड्या भरायच्या नाहीत, कारल्याच्या मांडवाखालून जायचे नाही, तांदळाचे धुवण ओलांडायचे नाही. शहरात कारल्याचा मांडव कुणाला आडवा येणार! हिरव्या रंगाचा नेम मात्र पुष्कळजणी शुक्रवारी अजून कटाक्षाने पाळतात.

कहाणी आणि लांबची मुले

कहाणीत निपुत्रिक राणी सुईणीला फितवते आणि गरीब ब्राह्मणाच्या बायकोचे मूल जन्मताच चोरवते. तुला हाच झाला असे सांगून आईपुढे कुंचा बांधलेला वरवंटा ठेवला जातो. तिची खात्री असते की आपले मूल जिवंत आहे. ती दर श्रावणी शुक्रवारी जिवतीची पूजा करते आणि मूल असेल तिथे सुखी असो म्हणून तांदूळ उडवते. ते तांदूळ राजवाड्यात वाढणाऱ्या मुलाच्या डोक्यावर पडतात. पुष्कळ वर्षांनी मायलेकरांची ओळख पटते ती पान्ह्याने.

व्रताचे मर्म या तांदळांत आहे. मुले समोर नसली की आई जिवतीला ओवाळून चारी दिशांना अक्षता टाकते. इंदूरची मुले शिक्षणाला आणि नोकरीला पुणे, मुंबई, बेंगळुरू आणि परदेश गाठू लागल्यापासून बऱ्याच घरी पाटावर बसायला कुणी नसते, अक्षता मात्र टाकल्या जातात. व्हिडिओ कॉलवर मुलाला ओवाळणाऱ्या आयाही पुष्कळ. त्याही फोन ठेवल्यावर अक्षता टाकतातच. भक्ती आणि संसार असे दोन कप्पे इथे पडत नाहीत. मुलाने वेळेवर जेवावे, गाडी सावकाश चालवावी, परीक्षेत घाबरू नये, हेच आईचे मागणे असते आणि ते ती स्वयंपाक करता करता मागते.

कहाणी मुलाची असली तरी ओवाळताना मुलीला वगळत नाहीत. सवाष्णीच्या अटीचे मात्र वेगळे. नवरा गेलेल्या बाईला ओटीचा मान नाही म्हणून काही घरांत ती आई असूनही या दिवशी मागे राहते. जिवती मुलांच्या आईची देवता आहे, नवऱ्याच्या आयुष्याशी तिचा संबंध नाही. कहाणीतही अशी अट कुठे नाही. ही अट सोडलेल्या घरांनी व्रत मोडले नाही, उलट मूळ हेतूला धरून केले, असेच म्हटले पाहिजे.

दोन श्रावण

इंदूरच्या मराठी आईला एक अडचण येते, ती महाराष्ट्रात येत नाही. मध्य प्रदेशातल्या हिंदी पंचांगात महिना पौर्णिमेला संपतो, मराठी पंचांगात अमावास्येला. त्यामुळे शेजारचा सावन पंधरा दिवस आधी सुरू होतो. २०२४ मध्ये सावन २२ जुलैला लागला आणि १९ ऑगस्टला राखीपौर्णिमेला संपला. मराठी श्रावण ५ ऑगस्टला सुरू झाला. शेजारी सावनचे सोमवार चालू असताना मराठी घरात आषाढच असतो, आणि शेजारचा सावन सरला तरी इथे अर्धा श्रावण उरतो. इंदूरहून सुमारे ५५ किलोमीटरवरच्या उज्जैनला मात्र दोन्ही श्रावण जमेस धरलेले दिसतात. महाकालची सवारी सावनच्या सोमवारांनंतर हिंदी भाद्रपदाच्या वद्य पक्षातही निघते. हा मराठी रिवाजाचा वारसा मानतात. २०२४ मध्ये अशा सात सवाऱ्या निघाल्या आणि शेवटची २ सप्टेंबरला, म्हणजे मराठी श्रावण संपता संपता होती.

अधिक महिन्यात घोळ वाढतो. २०२३ मध्ये अधिक श्रावण आला. जिवती अधिकात करत नाहीत, म्हणून १७ ऑगस्टला निज श्रावण लागेपर्यंत वाट पाहिली गेली. तोवर शेजारच्या सावनला जवळजवळ दीड महिना उलटून गेला होता. घरात मराठी कालनिर्णय लटकवलेले असते, मुलांच्या शाळेच्या सुट्ट्या हिंदी पंचांगाने लागतात, आणि दोन्हींचा मेळ आईच्या डोक्यात असतो.

शेजारच्या मालवी आयांचीही मुलांसाठीची व्रते याच दिवसांत येतात. मराठी श्रावण वद्य द्वादशीला त्यांची बछबारस असते. त्या दिवशी गाय-वासराची पूजा करतात, गहू आणि गाईचे दूध वर्ज्य, सुरीने चिरलेलेही खात नाहीत. मराठी घरची वसुबारस दिवाळीत येते, त्यामुळे हा दिवस आपला नाही. पण शेजारीण त्या दिवशी काय खात नाही हे ठाऊक ठेवावे लागते आणि तीही शुक्रवारच्या हळदकुंकवाला येते.

समाप्ती

श्रावणी अमावास्येला, म्हणजे पिठोरीला, महिना संपतो. चौसष्ट योगिनींची पूजा करून आई खीर-पुरीचे वाण डोक्यावरून मागे धरते आणि अतीत कोण असे विचारते. मागे उभे राहिलेले मूल 'मी' म्हणून वाण घेते. त्यानंतर जिवतीचा कागद उतरवतात. पूर्वी तो नदीत सोडत, आता पुष्कळ घरी कुंडीतल्या मातीत मिसळतात.

हे व्रत सासूकडून सुनेकडे तोंडी जाते. सून हिंदी घरातली असेल तर अडते ते भाषेपाशी, लिपीपाशी नाही. देवनागरी दोघींची असल्याने कहाणीचे छोटे पुस्तक तिला पहिल्या वर्षापासून वाचता येते. आटपाट नगर आणि वरवंटा तेवढे समजावून द्यावे लागतात.