मुलाच्या ऑपरेशननंतरची पहिली रात्र : कॉडल ब्लॉक आणि त्यात मिसळायचं औषध

आई-बाबांसाठी,

आम्ही भूलतज्ज्ञांचा छोटा गट आहोत. दादरपासून मुलुंडपर्यंतच्या नर्सिंग होममध्ये लहान मुलांना भूल देतो. हर्निया, सुंता, खाली न उतरलेला अंडकोष अशा ऑपरेशननंतर मूल बहुतेकदा त्याच दिवशी घरी जातं. घरी गेल्यावर त्याला दुखू नये, याची तयारी आम्ही ऑपरेशन टेबलावरच करतो.

मूल पूर्ण झोपल्यावर त्याला कुशीवर वळवून, माकडहाडाच्या जरा वर असलेल्या फटीतून बारीक सुईने बधिर करायचं औषध सोडतो. हा कॉडल ब्लॉक. मुलांमधली त्याची पहिली नोंद १९३३ सालची आहे. टोचलेलं मुलाला कळतही नाही, आणि कमरेखालचा भाग बधिर असल्याने ते रडत-ओरडत न उठता शांतपणे जागं होतं. दहा किलोच्या बाळाला हर्नियासाठी ०.२ टक्के रोपिव्हकेन हे बधिर करायचं औषध साधारण १० मिली पुरतं.

अडचण वेळेची आहे. नुसत्या ब्लॉकचा असर ४ ते ६ तास राहतो. दुपारी बाराला दिलेला ब्लॉक संध्याकाळी उतरतो, म्हणजे नेमकं तुम्ही खड्ड्यांतून कल्याणकडे निघालेले असता तेव्हा.

म्हणून त्यात कधीकधी क्लोनिडिन किंवा डेक्समेडेटोमिडिन मिसळतो. वेदनेचा निरोप ही औषधं मज्जारज्जूतच दाबतात, त्यामुळे बहुतेक मुलांना आणखी तीन-चार तास आराम मिळतो. मात्रा फार लहान असते. डेक्समेडेटोमिडिनच्या १ मिलीत १०० मायक्रोग्रॅम असतात, आणि दहा किलोच्या बाळाला लागतात १०. इतकं थोडं औषध अंदाजाने भरणं धोक्याचं, म्हणून आधी ते १ मिली सलाईनमध्ये १० मिलीपर्यंत पातळ करतो. त्यातलं १ मिली घेताना लेबल दोघं जण मोठ्याने वाचतात. इथे घाई आम्हाला मुळीच चालत नाही.

याने गुंगी जास्त वेळ राहते, नाडी आणि बीपी थोडं उतरू शकतं. म्हणून अशा मुलाला आम्ही उशिरा घरी सोडतो. तेवढं थांबावं लागेल. अगदी तान्ह्या किंवा अपुऱ्या दिवसांच्या बाळाला ही औषधं देत नाही, कारण श्वास थांबण्याची भीती असते. ब्लॉकमध्ये मिसळलेल्या मॉर्फिनचा असर जास्त टिकतो, पण खाज, उलट्या, लघवी अडणं आणि क्वचित काही तासांनी श्वास मंदावणं हे त्याच्यासोबत येतं. त्याच दिवशी घरी जाणाऱ्या मुलाला ते आम्ही कधीच देत नाही.

क्लोनिडिन किंवा डेक्समेडेटोमिडिन या औषधाच्या लेबलवर मुलांच्या कॉडलसाठी असं लिहिलेलं नसतं. अभ्यास आणि अनुभवाच्या आधारे भूलतज्ज्ञ ते वापरतात. त्यामुळे तुम्हाला समजावून, तुमची सही घेऊनच ते मिसळतो. नको वाटलं तर सरळ नाही म्हणा, साधा ब्लॉकही चांगलं काम करतो.

घरी पॅरासिटामॉलचा पहिला डोस मूल रडायची वाट न बघता, लिहून दिलेल्या वेळेला द्या. पाय जड असतील तोवर कडेवरच ठेवा आणि गरम पिशवी लावू नका, चटका बसलेला त्याला कळणार नाही. पाय पोटाशी ओढून घेतले, कुशीत घेऊनही शांत होत नसेल, तर दुखतंय असं समजा. रात्रीपर्यंत लघवी झाली नाही, तर फोन करा. हलवूनही मूल नीट जागं होत नसेल किंवा श्वास मंद वाटला, तर फोनवर थांबू नका, जवळच्या हॉस्पिटलमध्ये न्या.