जुन्या टेलिफोटोची जांभळी कड

फिल्मच्या जमान्यातली २०० मिमीची टेलिफोटो (दूरचं जवळ आणणारी लेन्स), म्हणजे पेंटाकॉन, ताकुमार किंवा रशियन ज्युपिटर, मिररलेस (आत आरसा नसलेल्या) डिजिटल कॅमेऱ्यावर चढवायची आणि उन्हातल्या बगळ्याचा फोटो काढायचा. मोठा करून पाहिला की पंखांच्या कडेला जांभळी झालर दिसते. काहीजण म्हणतात, लेन्सला बुरशी लागली. काहीजण त्यालाच ‘व्हिंटेज कॅरेक्टर’ म्हणतात आणि वर चढा भाव देतात. बुरशीने फोटो धुरकट होतो, जांभळा नाही. आणि कॅरेक्टर म्हणाल, तर ते काचेच्या मर्यादेला दिलेलं गोंडस नाव आहे.

लेन्स बसते कशी, ते आधी उरकू. उदाहरणार्थ, निकॉनच्या जुन्या एफ माउंटपासून, म्हणजे लेन्स अडकवायच्या कडीपासून, फिल्मपर्यंत ४६.५ मिमी अंतर असे, कारण मध्ये आरसा हलायला जागा हवी. नव्या मिररलेस झेड माउंटमध्ये ते १६ मिमी आहे. उरलेले ३०.५ मिमी भरून काढणारं नळकांडं म्हणजे ॲडॅप्टर. त्यात काचच नसते, त्यामुळे त्याने चित्र बिघडायचं कारण नाही.

आता झालर. जांभळा प्रकाश लाल प्रकाशापेक्षा जास्त वाकतो, हे शाळेतल्या लोलकाने दाखवलेलं असतं. म्हणजे एकाच बहिर्वक्र भिंगाने प्रत्येक रंगाची नाभी, म्हणजे किरण एकवटायची जागा, वेगळी पडणार. यावर तोड म्हणून क्राऊन (रंग कमी पसरवणाऱ्या) काचेच्या बहिर्वक्र भिंगाला फ्लिंट (जास्त पसरवणाऱ्या) काचेचं अंतर्वक्र भिंग जोडतात. इंग्लंडमधल्या जॉन डॉलंड या भिंगकाराने याचं पेटंट १७५८ साली घेतलं. पण दोन्ही काचा वर्णपट सारख्या प्रमाणात पसरवत नाहीत. फ्लिंट निळ्या-जांभळ्या टोकाला जरा जास्तच ताणते. त्यामुळे लाल आणि निळा एका जागी आणले, तरी हिरवा आणि जांभळा पुढेमागे राहतातच. या उरलेल्या तफावतीला दुय्यम वर्णपट म्हणतात.

साध्या काचांच्या जोडीत ही तफावत ढोबळमानाने नाभीय अंतराच्या (लेन्सच्या नावातले मिमी) दोन हजाराव्या भागाइतकी असते. २०० मिमीला ०.१ मिमी. एफ ४ ॲपर्चरला (लेन्सचं भोक नाभीय अंतराच्या चौथ्या भागाइतकं) तिला ४ ने भागा: ०.०२५ मिमी व्यासाचा रंगीत ठिपका. फुल-फ्रेम (३५ मिमी फिल्मच्या चौकटीएवढ्या) २४ मेगापिक्सेल सेन्सरवर एक पिक्सेल साधारण ०.००६ मिमीचा, म्हणजे ठिपका चार पिक्सेल पसरला. याच हिशेबाने ५० मिमीची लेन्स एका पिक्सेलमध्ये सुटते. म्हणून हे दुखणं मुख्यतः टेलिफोटोचं. जांभळ्याच्या अगदी टोकाला तर तफावत याहून मोठी असते.

आणि ३५ मिमी फिल्मसाठी किती धूसरपणा चालेल याचा प्रचलित निकष होता सुमारे ०.०३ मिमी! म्हणजे लेन्स तिच्या काळात पास होती. परीक्षा आपण अवघड केली. कॅननने १९६९ मध्ये ३०० मिमीच्या लेन्समध्ये फ्लोराइट स्फटिक वापरला तो ही तफावत कमी करायलाच, पण तसली लेन्स जुन्या बाजारात स्वस्तात मिळत नाही.

स्वस्तातला उपाय एफ ८. ठिपका निम्मा होतो, दोन पिक्सेलांवर येतो. फोटो कृष्णधवल करायचा असेल तर आणखी सोपं: सॉफ्टवेअरमध्ये निळी वाहिनी (फोटोतला निळ्या रंगाचा थर) बंद करून फक्त हिरवी घ्या. झालर बहुतांशी जाते, पिसं मोजता येतात. फिल्मवाले हेच काम लेन्सपुढे पिवळा फिल्टर लावून करत.